सतरावी रेघ

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची स्मरणिका दर वर्षी निघते. देवळाचा फोटो असतो, मंडळाच्या लोकांची नावं असतात आणि कुणीतरी काश्मीरला नाहीतर काशीला जाऊन आलेला असतो त्याची हकीकत असते. यंदा ती मला लिहायला सांगितली, कारण मी रत्नागिरीला जाऊन आलो. रत्नागिरी काय परदेश नाही. पण मी तिथल्या कॉलेजात गेलो आणि गावच्या नळाचा कागद घेऊन आलो ही बातमी मंडळाला लागली. फोन आला, "तात्या, चौदा वर्षांपूर्वी तुम्ही टाकलेला नळ मशीननं पक्का ठरवला. गावाला अभिमान आहे. लिहा."

लिहितो. मी सहावी शिकलोय, चुका असतील त्या तुम्ही काढा. पण अभिमानाचं काय करायचं ते शेवटपर्यंत वाचून मग ठरवा.

ज्यांनी गाव सोडून जमाना झाला त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मी नळाचा फिटर. आठ वाड्यांची नळयोजना आली तेव्हा नळ कुठून कुठे न्यायचा ते मीच ठरवलं. साहेब एकदा आले, चहा प्याले, म्हणाले, "तात्या, तुम्हाला गाव पाठ आहे, तुम्हीच आखा." टाकी वर टेपावर, म्हणजे टेकाडाच्या माथ्यावर. आमची राईवाडी टाकीच्या बरोबर खाली, मध्ये देवाची राई. तरी नळ आमच्याकडे सगळ्यांत शेवटी येतो, पाच वाड्या फिरून. मार्गशीर्षात बरा येतो. होळीनंतर करंगळीएवढा. वैशाखात नळाला कान लावला तर नुसता वारा ऐकू येतो.

गेल्याच्या आदल्या वैशाखात माझी बायको, सुनंदा, विहिरीवरून कळशी घेऊन येताना पाखाडीच्या पायरीवर पडली. खुबा मोडला. सात महिने अंथरुणात काढले आणि गेली. लोक म्हणाले, वय झालं होतं. वय माझंही झालंय. मी पडलो नाही, कारण पाणी मी आणत नव्हतो.

मला एकच गोष्ट विचारायची होती. त्याच नळात, त्याच सामानात, राईवाडी आधी आली असती का? मशीन हो म्हणालं तर दोष माझा. नाही म्हणालं तर मी सुटलो. हे विचारायला मी रत्नागिरीला गेलो. समुद्र बघायला नाही.

सोमवार : हातखंबा

हे विचारायचं कुणाला, तर वैशालीला. वैशाली म्हणजे सुनंदाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. रत्नागिरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. वर्षश्राद्धाला आली होती तेव्हा पंगत उठल्यावर ओट्यावर बसली. मी विचारलं, "तू शिकवतेस ते ठीक, पण स्वतः काय करतेस?" म्हणाली, "काका, ठिकाणं असतात, त्यांच्यात रेघा असतात. कमीत कमी रेघांत सगळी ठिकाणं जोडायची, कुठेही गोल फेरा होऊ द्यायचा नाही. त्याला आम्ही झाड म्हणतो. त्यात अटी घातल्या की फार अवघड होतं. मी अवघड झाडांची पक्की उत्तरं काढते."

मी म्हटलं, "हे तर मी चाळीस वर्षं केलं. मला कुणी प्राध्यापक म्हटलं नाही."

ती हसली. मग म्हणाली, "तुमच्या रेघा घेऊन या." दुसऱ्या आठवड्यात मी निघालो.

पिशवीत जुनी डायरी, दोन जोड कपडे, कुळथाचं पीठ आणि आगळाची बाटली. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा दाट रस. ती बाटली सुनंदानं भरलेली शेवटची. ती गेल्यावर मी उघडली नव्हती. रिकाम्या हाती जायचं नाही म्हणून घेतली.

हातखंब्याला गाडी बदलायची. महामार्गाचं काम इतकी वर्षं चाललंय की तिथल्या धुळीलाच आता रेशनकार्ड द्यायला हवं. टपरीवर वडा घेतला. टपरीवाला म्हणाला, "आजोबा, चटणी तिखट हाय, झेपंल?" मी म्हटलं, "मला झेपेल. तुझा वडा गेल्या शिमग्याचा आहे, त्याचं बघ." बाजूच्या बाया हसल्या. त्यानं चहा चांगला दिला मात्र. माणूस वाईट नव्हता, वडा होता.

रत्नागिरीची गाडी आली, रेटारेटीत चढलो, पिशवी कुणाच्या तरी गुडघ्याखाली आडवी झाली. रत्नागिरीच्या अलीकडे कुवारबावाला बघतो तर पिशवीतून लाल थेंब. बाटलीचं बूच निघालं होतं. कपडे लाल, पीठ लाल, डायरी लाल. कंडक्टर म्हणाला, "बाबा, कोंबडी कापून आणलीत की काय?" सगळी गाडी हसली. मी बाटली उभी धरली. तळाला दोन बोटं आगळ राहिलं होतं. उरलेला रस्ता ती बाटली मी हातात धरून होतो.

सोमवार दुपार : वैशालीचं घर

वैशालीचा नवरा जहाजावर असतो. घरात ती आणि तिची सासू. सासूला सगळे आक्का म्हणतात. आक्का माझ्याच वयाच्या, तोंडाला कुलूप नाही. दारातच म्हणाल्या, "अगो वैशाली, हे पाहुणे की खुनी?" माझे हात कोपरापर्यंत लाल होते.

जेवायला सौंदाळ्याचं कालवण आणि उकड्या तांदळाचा भात. आमच्याकडे मासा येतो तो पिकपमधून, बर्फात निजलेला, दुपारी बारा वाजता. इथला सकाळचा मासा सकाळीच चुलीवर. खोटं कशाला बोलू, वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. आणि जेवताना वाईट वाटलं, की सुनंदाला सौंदाळा आवडायचा आणि मी तिला रत्नागिरीला कधी आणली नाही. चार तासांचा रस्ता. काही ना काही निघायचं. नळ फुटायचा.

आक्का भांडी विसळत होत्या, नळ सोडून दिलेला. पाणी धो धो. आक्का माझ्याशी बोलायला बाहेर आल्या तरी नळ चालूच. मी उठलो आणि बंद केला. आक्का आत गेल्या, परत सोडला. परत बाहेर आल्या. मी परत बंद केला.

"अहो, टाकी भरलेली असते आमची," आक्का म्हणाल्या.

"आमची पण भरलेली असते," मी म्हटलं. "खाली काय येतं ते बघायला या."

दुसऱ्या दिवशीपासून मी दिसलो की त्याच नळ बंद करायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, शाळेत मास्तरांकडे बघतात तसं.

मंगळवार : कॉलेज

कॉलेजात वैशालीची खोली लहान. एक खिडकी, दोन खुर्च्या, फळा. फळ्यावर नुसते ठिपके आणि रेघा. मला वाटलं होतं काही मोठं यंत्र असेल, आमच्या पंपहाउसासारखं घरघरणारं. टेबलावर एक चपटी पेटी, तेवढंच.

आधी तिनं मला विचारलं, तुम्ही कसं आखलंत. मी सांगितलं. सगळ्यांत जवळच्या दोन वाड्या जोडायच्या. मग त्याहून थोडं लांबचं अंतर घ्यायचं. फेरा होत असेल तर ते सोडायचं. असं करत आठही वाड्या आणि टाकी जोडली गेली की झालं.

"बरोबर," ती म्हणाली. "नुसतं जोडायचं असेल तर हीच रीत, आणि ती पक्की आहे. हिच्याहून कमी नळ कुणी लावून दाखवणार नाही."

"पण तसं होईना," मी म्हटलं. "मधलीवाडीला पाच वाड्या जवळ. त्या रीतीनं मधलीवाडीच्या चेंबरला, म्हणजे वाडीत नळाचे फाटे फुटतात त्या डब्याला, पाच नळ येतात. आम्हाला चेंबर मिळाले ते तीन तोंडांचे. एक आत, दोन बाहेर."

तिनं खडू खाली ठेवला. "तिथंच सगळं बिघडतं, काका. तोंडांची अट आली की तुमची जवळची-जवळची रीत लंगडी पडते. आता हा नळ इथून काढून तिथे टाकला की तिसरीकडे अडतं. झटपट आणि तरी पक्की अशी रीत याला आजवर जगात कुणाकडे नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"नऊ ठिकाणं आहेत. कुठूनही कुठेही नळ टाकता आला तर जोडायच्या रीती सत्तेचाळीस लाख ब्याऐंशी हजार नऊशे एकोणसत्तर."

मी तिला तो आकडा परत म्हणायला लावला. मी त्यातली एक रीत घेतली होती. एक. तीही दोन दिवसांत, कारण नळाचा ट्रक येऊन उभा होता.

पक्की रीत कशी चालते ते तिनं सांगितलं, मला कळलं तेवढं लिहितो. सगळ्या रीती चालून बघायच्या नाहीत, पण एकही रीत बघितल्याशिवाय सुटली असंही होऊ द्यायचं नाही. एका वाटेनं निघायचं. अर्ध्यातच नळ संपणार हे सिद्ध झालं की ती वाट सोडायची, आणि तिच्या पुढच्या सगळ्या फांद्या एका झटक्यात तोडायच्या. पण तोडताना पुरावा पाहिजे. वाटतं म्हणून तोडायची नाही. दुसरी युक्ती अशी, की चार वाड्या जोडून झाल्या तर कमीत कमी किती नळात झाल्या आणि कुठलं तोंड मोकळं उरलं एवढं लिहून ठेवायचं. कशा जोडल्या ते विसरून जायचं. ते परत परत आठवत बसलं तर जन्म पुरणार नाही.

विसरून जायचं. मशीनला जमतं.

"लोक अंदाजाची रीत वापरतात," ती म्हणाली. "लवकर होतं, आणि बहुतेक वेळा जवळपास उत्तर येतं."

"शेवटच्या वाडीला जवळपास म्हणजे काय?" मी विचारलं.

तिनं माझी डायरी जवळ ओढली. "म्हणूनच मी पक्कं काढते," म्हणाली.

मग डायरी उघडली. पानं आगळानं चिकटली होती. एकेक रेघ मी वाचली, तिनं भरली. टाकी ते गुरववाडी इतके मीटर, गुरववाडी ते मधलीवाडी इतके, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं इतके. सोळा रेघा. कुठे डांबरी रस्ता आडवा, कुठे काजूची बाग, जिथून नळ टाकता येतच नाही त्या रेघा मी तेव्हाच लिहिल्या नव्हत्या. पानाच्या तळाशी मोठा लाल डाग.

"इथं खाली काहीतरी आहे," वैशाली पान उजेडाला धरून म्हणाली. "सतरावी?"

"आगळ सांडलंय," मी म्हटलं.

ते खोटं होतं. तिथे सतरावी रेघ होती. टाकी ते राईवाडी, राईतून, दोनशे दहा पावलं. मी स्वतः चालून मोजली होती, लिहिली होती आणि स्वतःच खोडली होती. वाचणाऱ्यांनी हे आत्ताच समजून घ्यावं, पुढे ते लागणार आहे.

वैशालीनं पान खाली ठेवलं. प्रश्न मशीनला घातला. तेव्हा मिळाला तेवढाच नळ, तीनच तोंडं, राईवाडीच्या आधी कमीत कमी किती चेंबर? शिपायाला चहा सांगितला. मी दोन दिवसांचे कपडे आणले होते, म्हटलं सत्तेचाळीस लाखांतून जायचं तर वेळ लागणार. चहा यायच्या आधी झालं होतं. मी विचारलं, बिघडलं का? ती म्हणाली, "नऊ ठिकाणं म्हणजे काहीच नाही, काका. एक ठिकाण वाढलं की काम दुप्पट होतं, कधी त्याहून जास्त. मी चाळीस ठिकाणांशी भांडते, तिथे आठवडे जातात."

उत्तर होतं पाच. मी टाकलेल्या नळातही पाचच होते. पाचाहून कमी शक्य नाही.

तिचे मोठे सर आले, त्यांना दाखवलं. सरांनी माझा हात हातात घेतला. "आजोबा, हातानं आखून पक्क्या उत्तराला पोचलात. आमच्या मुलांना जमत नाही." वैशालीच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "काका, आता तरी मनाला लावून घेऊ नका. मावशीसाठी तुम्ही करण्यासारखं जे होतं ते सगळं केलं होतं. हे मी म्हणत नाही, हे सिद्ध झालंय."

तिनं कागद छापून दिला. सोळा रेघा, त्यातल्या आठ जाड. मंडळाला माहीत आहे तो हा कागद. त्याचा फोटो सरांनी माझ्यासकट काढला आणि वैशालीनं गावच्या ग्रुपवर टाकला. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं असतं तर कुणालाही कळलं असतं. पण फोटोत माणसं कागद बघतात.

बुधवार : मांडवी

परतीची गाडी दुपारची. वैशाली म्हणाली, समुद्र न बघता कसे जाल, मावशी मला ओरडली असती. मला रिक्षानं मांडवीला घेऊन गेली. जेटीवर बसलो. काळी वाळू, दोन होड्या, एक माणूस गळ टाकून बसलेला, त्याला काही लागत नव्हतं. भरती होती. एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही.

वैशाली मावशीच्या गोष्टी सांगत होती. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायची तेव्हा सुनंदा तिला चिंचोके खेळायला शिकवायची, त्याच्या. मला ते ऐकवेना.

मी म्हटलं, "तुझं उत्तर पक्कं ना?"

"पक्कं. तुम्ही दिलेल्या रेघांपुरतं पक्कं."

"मी सोळा दिल्या. सतरा होत्या."

आणि सांगितलं. जे सांगितलं ते इथेही लिहितो, कारण गावाला ते माहीत नाही.

राईत खणायचं तर देवाचा कौल घ्यावा लागतो. मुंबईत जन्मलेल्यांसाठी सांगतो. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवानं दिलं, डावी पडली तर नाही. देव नाही म्हणाला तर कुणी काडी उचलत नाही. पण विचारायला गुरवाकडे जावं लागतं. आणि त्या साली माझं आणि धाकू गुरवाचं बोलणं बंद होतं. शिमग्याला पालखी आमच्या वाडीत शेवटी आणली म्हणून मी त्याला चारचौघांत नको ते बोललो होतो. आता त्याच्याच दारात जाऊन कौल लाव म्हणून सांगायचं? मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "राईतून देव देणार नाही." कुणी विचारलं नाही, तुला कसं माहीत. देवाच्या नावानं बोलल्यावर कोण विचारतो? सतरावी रेघ मी खोडली.

एकटी सुनंदा बोलली. घरी जमिनीवर आठ चिंचोके मांडले, टाकीसाठी सुपारी ठेवली आणि शिवणाचा दोरा घेऊन बसली. ती दुसरी शिकलेली. मला म्हणाली, "हे बघा, राईतून असा आणला तर आपल्याकडे सरळ येतो. बाकीच्यांना तिकडून." मी म्हटलं, "देव देणार नाही." ती म्हणाली, "विचारलंत?" मी पायानं चिंचोके सारले आणि म्हटलं, "आवर ते. वाट अडवून बसलीस."

ती परत कधी बोलली नाही त्याबद्दल. तेरा उन्हाळे विहिरीवर गेली.

वैशालीनं हे सगळं ऐकलं. पिशवीतून पेटी काढली, मांडीवर घेतली, सतरावी रेघ घातली. गळ टाकणारा माणूस अजून तसाच बसला होता. तिनं पेटी माझ्याकडे फिरवली.

राईवाडीच्या आधी चेंबर : एकही नाही. टाकीतून थेट. आणि नळ उरत होता, पाऊणशे मीटर.

मी रेघा बघितल्या. चिंचोके मला आठवतात, कुठला कुठे होता ते. सुनंदाचा दोरा आणि मशीनच्या रेघा यांत दोन ठिकाणी फरक होता. सुतारवाडीकडे ती चुकली होती, आणि खालच्यावाडीला तिनं चार तोंडं काढली होती. तिथे मशीन बरोबर. पण राईची रेघ दोघांचीही तीच. तिला सत्तेचाळीस लाख रीती बघाव्या लागल्या नाहीत. चुलीवर भात होता तेवढ्यात झालं.

मला वाटलं वैशाली काहीतरी बोलेल. कालसारखं. चूक तुमची नाही वगैरे. तिनं पेटी बंद केली. पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "काका, गाडीच्या आधी जेवून घ्या."

घरी आक्कांनी बांगडा तळला होता. कालच्या फोटोचं कौतुक करत होत्या. वैशाली पाठ करून भाकरी वाढत होती. जाताना तिनं दुसरा कागद दिला, आणि म्हणाली, "गावची नवी योजना येते आहे ना? ही रेघ घ्यायची की नाही ते मला सांगता येणार नाही, मशीनलाही नाही. ज्यांना विचारायचं होतं त्यांना विचारा."

पाया पडली नाही. दर वेळी पडते.

आगळाची बाटली तिथेच राहिली. ती मागून घ्यायला तोंड झालं नाही.

गुरुवार : देऊळ

प्रवास इथे संपायला हवा, पण खरा प्रवास हाच होता. घरापासून गुरववाडी, दहा मिनिटं. मला चौदा वर्षं लागली.

धाकू आता थकलाय. कानानं कमी ऐकतो. ओट्यावर काथ्या वळत होता. मला बघून हात थांबला.

"कोण? तात्या?"

"होय."

"मी मेलो असं कोण बोल्लं काय तुला? बघायला आलास?"

"कौल लावायचाय."

"मोठ्यानं बोल."

"कौल! कौल लावायचाय, राईतून नळ न्यायचा म्हणून!"

सगळ्या वाडीनं ऐकलं. धाकूनं काथ्या बाजूला ठेवला. "सुनंदावैनी आल्या हुत्या एकदा," तो म्हणाला. "तुमचा नळ पडायच्या आधी. माझ्या मंडळीला बोल्ल्या, ह्यांना पाठवते, तुमी नाय म्हणू नका. आमी वाट बघितली हुती, तात्या."

हे मला माहीत नव्हतं. देवळापर्यंत मी त्याच्या मागून चालत गेलो, पुढे झालो नाही.

दुपारची वेळ. मानकऱ्यांतले दोघे आले. धाकूनं अंघोळ केली, ओल्या अंगानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही राईवाडीची लेकरं तुझ्या राईतून पाणी न्यायला मागतात, त्यांना राजी हो म्हाराजा."

आम्ही म्हणालो, "होय म्हाराजा."

उजवी पाकळी पडली. लगेच. मी अजून 'म्हाराजा'च्या शेवटच्या अक्षरावर होतो.

मी म्हटलं, "आणखी एक लाव. विचार, तेव्हा दिला असतास का?"

धाकूनं मान हलवली. "मागलं इचारत नाय देवाला. फुडलं इचारतात." मग हात पुसत म्हणाला, "मी गुरव हाय रे. देव काय माझा हाय? तू माझ्याशी बोलत नव्हतास. त्याच्याशी बोलायचंस."

पाकळी त्यानं माझ्या हातावर ठेवली. घरी येईपर्यंत ती काळी पडली होती.

मंडळवाल्यांनो, पहिला कागद चौकटीत घालून देवळात लावायचा तुमचा बेत मला कळलाय. लावू नका. छापायचे तर दोन्ही कागद छापा, शेजारी शेजारी, आणि दुसऱ्याखाली सुनंदाचं नाव घाला. माझं नको.

नव्या नळाचा चर मी आखून दिला. राईतून, दोनशे दहा पावलं. परत मोजली, तेवढीच भरली. एक झाड तोडावं लागत नाही.

वाडीतल्या बायका विचारतात, पाणी आलं की पहिला हंडा कुणी भरायचा? मी सांगितलंय, कुणीही भरा. मला विचारू नका.